थांब्यावरचा तिसरा पक्ष

गिरणीचा संप आणि बसगाड्यांचा संप यांत एक मूलभूत भेद आहे. गिरणी बंद पडली म्हणजे मालकाचे कापड थांबते. रस्त्याने जाणाऱ्या माणसाचे त्या दिवशी काही अडत नाही. बस बंद पडली म्हणजे सर्वांच्या आधी अडतो तो थांब्यावर उभा असलेला उतारू. त्याचे व्यवस्थापनाशी भांडण नाही, कामगाराशीही नाही; आणि पुष्कळदा तो स्वतःही कामगारच असतो. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या आम्हां मंडळींना या माणसाचा राग नवा नाही. 'लोक स्वार्थी असतात' एवढे म्हणून तो निकालात काढता येत नाही. त्या रागालाही इतिहास आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी धावू लागली, विजेची ट्राम १९०७ साली आली आणि बस १५ जुलै १९२६ रोजी. या साऱ्या काळात धंदा खासगी कंपनीचा होता. भाडे उतारूचे, घाम कामगाराचा आणि नफा भागधारकाचा! तंटा झाला तर समोर कोण उभे आहे, हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. पुढे ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठ दिवस उरले असताना, महापालिकेने हा व्यवसाय आपल्या ताब्यात घेतला. त्या दिवसापासून मालक म्हणजे शहर, आणि शहर म्हणजे कर भरणारा नागरिक. ज्याच्यासाठी गाडी चालते तोच एका अर्थी तिचा धनी झाला. पण ही मालकी त्याला कधी कोणी समजावून दिली नाही. तिकीट फाडून हातात आले, एवढाच त्याचा आणि बेस्टचा संबंध राहिला.

आता ८ जानेवारी २०१९ या दिवसाकडे येऊ. त्या दिवशी बेस्टचे सुमारे ३२ हजार कामगार संपावर गेले. तीन हजारांवर गाड्या आगारांत उभ्या राहिल्या आणि रोजच्या सुमारे २५ लाख उतारूंची वाट बंद झाली. लोकलगाड्या चालू होत्या हे खरे. पण स्टेशनापासून घर, कचेरी, रुग्णालय या अखेरच्या दोन मैलांचे काय? शीव-वांद्र्याच्या दक्षिणेस रिक्षाही नाही. आठ रुपयांत होणारा प्रवास टॅक्सीने करायचा, तर घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची मिळकतच त्यात जायची. असा माणूस चिडला तर त्यात नवल काय? आणि चिडला तो कोणावर? जो दिसतो त्याच्यावर. अर्थसंकल्प दिसत नाही, आयुक्तांची फाईल दिसत नाही. दिसतो तो खाकी गणवेशातला कंडक्टर.

संपाची मुख्य मागणी कोणती होती? बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा, ही. ऐकायला किती रूक्ष! पण तिचा अर्थ साधा आहे. पूर्वी विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघत असे. ती सोय पुढे बंद झाली. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, बस केवळ तिकिटाच्या पैशावर चालवायची, की रस्त्यावरचा दिवा आणि नळाचे पाणी यांसारखी शहराच्या तिजोरीतून? हा प्रश्न कामगाराच्या पगाराचा तितकाच उतारूच्या भाड्याचा होता. थांब्यावरच्या किती माणसांपर्यंत तो या शब्दांत पोहोचला असेल?

दोन्हीकडे माणसेच भरडली गेली. सरकारने अत्यावश्यक सेवेचा कायदा पुढे केला. बेस्टच्या वसाहतींत राहणाऱ्या कामगारांना घरे सोडण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा त्यांची बायकामुले रस्त्यावर आली. अखेर उच्च न्यायालयात प्रकरण गेले, निवृत्त न्यायमूर्ती रिबेलो यांना मध्यस्थ नेमण्यात आले आणि १६ जानेवारीला, नवव्या दिवशी, संप मिटला.

पुढची गोष्ट विसरू नये. त्याच वर्षी जुलैत बेस्टचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आले आणि महापालिकेचे साहाय्यही मिळू लागले. म्हणजे शहराच्या पैशावर बस चालवता येते, हे अंशतः मान्य झाले. मात्र त्याबरोबर बेस्टच्या स्वतःच्या गाड्या घटत गेल्या आणि कंत्राटदारांच्या भाड्याच्या गाड्या वाढल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये या कंत्राटी चालकांनीच संप केला. गाडीवर नाव बेस्टचे, पगार कंत्राटदाराचा. आता उतारूने रागवायचे तरी कोणावर?

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने लोकोपयोगी सेवेत संपापूर्वी किमान चौदा दिवसांची नोटीस बंधनकारक केली होती. विचार योग्यच होता. पण ती नोटीस व्यवस्थापनाच्या टेबलावर पडे. थांब्यावर कोणी ती वाचून दाखवीत नसे. आमचे म्हणणे असे की, हे चौदा दिवस जितके वाटाघाटींचे, तितकेच उतारूचे आहेत. प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक चाळीत जाऊन हिशेब मांडला पाहिजे. जपानमधील ओकायामा शहरात २०१८ साली चालकांनी गाड्या चालू ठेवल्या आणि भाडे घेण्याचे तेवढे नाकारले. झळ मालकाला लागली, उतारूला नाही. आपल्याकडे तिकीट न देता उतारू नेला तर कंडक्टरची नोकरीच जाते, म्हणून तो मार्ग जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण त्यामागची दृष्टी उचलता येईल.

आणि नागरिकांनाही आमचे एक मागणे आहे. थांब्यावर तासभर खोळंबल्यावर राग जरूर यावा. तो आपला हक्क आहे. मात्र त्या रागाला एक प्रश्न जोडावा: ही गाडी कोणाची? 'आमची' असे उत्तर आले, तर ती चालवणाऱ्याच्या पोटाची चौकशीही धन्याने करावी लागते. ती चौकशी संपाच्या नवव्या दिवशी न होता, गाड्या सुरळीत चालू असतानाच झाली, तर पुष्कळ संपांची वेळच येणार नाही.