व्हिर्ट, निक्लाउस

व्हिर्ट, निक्लाउस : (१५ फेब्रुवारी १९३४ – १ जानेवारी २०२४). स्विस संगणकशास्त्रज्ञ व पॅस्कल या संगणक-भाषेचे जनक. जन्म व्हिंटरटूर येथे. झुरिकच्या संघीय तंत्रविद्या संस्थेची पदवी (१९५९) घेतल्यावर त्यांनी कॅनडातील लाव्हाल विद्यापीठाची एम्‌.एस्‌सी. (१९६०) आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची पीएच्‌.डी. (१९६३) मिळविली. त्यांचे मार्गदर्शक हॅरी हस्की यांनीच १९६३-६४ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील संगणक केंद्राच्या उभारणीस साहाय्य केले. स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन करून व्हिर्ट १९६७ साली मायदेशी परतले. १९६८ पासून निवृत्तीपर्यंत (१९९९) ते झुरिकच्या संस्थेत प्राध्यापक होते.

अल्गॉल ६० या भाषेची उत्तराधिकारी भाषा ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीपुढे त्यांनी व टोनी होअर यांनी एक आटोपशीर आराखडा मांडला. समितीने तो नाकारून व्यापक, पण क्लिष्ट अशी अल्गॉल ६८ ही भाषा स्वीकारली. भाषा लहान व सुसंगत असेल, तरच ती शिकणाऱ्यास पूर्णपणे अवगत होते आणि तिचा यंत्रभाषेत अनुवाद करणारी आज्ञावलीही (अनुवादक) विश्वसनीय होते, ही व्हिर्ट यांची भूमिका होती. तिचे मूर्त रूप म्हणजे १९७० मध्ये सिद्ध झालेली पॅस्कल ही भाषा होय. फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्काल यांचे नाव तिला देण्यात आले.

पॅस्कलच्या प्रसारास तिच्या एका अनुवादकाची रचना कारणीभूत झाली. हा अनुवादक एका काल्पनिक, साध्या संगणकाच्या आज्ञा निर्माण करी. कोणत्याही नव्या यंत्रावर त्या संगणकाची नक्कल करणारी छोटी आज्ञावली लिहिली, की तेथे पॅस्कल वापरता येई. १९७४ च्या सुमारास या अनुवादकाचे वर्णन सिद्ध करणाऱ्यांत केशव नोरी हे भारतीय संगणकतज्ञ होते. त्यांनी पुढे पुण्याच्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात कार्य केले. अशा रीतीने मोठी यंत्रसामग्री नसलेल्या संस्थांपर्यंतही ही भाषा पोहोचली. भारतातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ती दीर्घकाळ शिकविली जात होती.

साधेपणाला मर्यादाही होत्या. मूळ पॅस्कलमध्ये सारणीची लांबी ही तिच्या प्रकाराचाच भाग असल्याने, भिन्न लांबीच्या सारण्यांसाठी एकच उपक्रम लिहिता येत नसे. असे दोष दूर करताना व्हिर्ट यांनी पॅस्कलमध्ये भर घालीत राहण्याऐवजी मॉड्युला-२ व ओबेरॉन या नव्या भाषा रचल्या. १९८४ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. यंत्रांचा वेग वाढत असूनही फुगत जाणाऱ्या आज्ञावलींमुळे तो वाया जातो, असा इशारा त्यांनी १९९५ मध्ये दिला. समितीने नाकारलेला मार्गच त्यांनी अखेरपर्यंत अनुसरला व अध्यापनाच्या क्षेत्रात त्याची यथार्थता सिद्ध झाली.