मोरीपासून सुरू होणारं प्राणिशास्त्र

छोट्या सस्तन प्राण्यांचा अभ्यास म्हटलं की नजर थेट दाजीपूरच्या जंगलाकडं जाते. हुपरीकराला तेवढी पायपीट नको. रात्री चांदीचं काम आटोपलं, भट्टी निवली, की मोरीच्या कोपऱ्यातून चिकचिक करत चिचुंद्री बाहेर पडते. या शास्त्रात तिच्याइतका सोपा गुरू नाही. वास तेवढा सोसायचा.

आधी तिला उंदरांत मोजायची सवय मोडावी लागेल. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे, जन्मभर वाढणारे. चिचुंद्रीचे दात टोकदार, किडे फोडण्याजोगे, आणि ते असे वाढत राहत नाहीत. पोती कुरतडणारा उंदीर. ही झुरळं, रातकिडे, गांडुळं खाते. तरी उंदराच्या औषधाला बळी पडते तीही. राखाडी मखमली अंग, सतत हलणारं लांब नाक, नावापुरते डोळे, बुडाशी जाड शेपटी आणि तिच्यावर तुरळक लांब केस. कुशीतल्या ग्रंथींतून तो उग्र दर्प येतो, म्हणून मांजर तिला मारतं, पण सहसा खात नाही. बिळाची जागा बदलायची झाली, तर पहिलं पिल्लू आईच्या शेपटीजवळचे केस दातांत धरतं, दुसरं पहिल्याचे, तिसरं दुसऱ्याचे. भिंतीच्या कडेनं अख्खी रांग सरकते. हे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा तिच्यावर चप्पल उगारत नाही, असा माझा अंदाज आहे.

लिनीअसनं 1766 साली तिची शास्त्रीय नोंद केली. पुढं 1980च्या दशकात जपानी संशोधकांनी तिला प्रयोगशाळेत मान मिळवून दिला. उंदराला उलटी होत नाही; चिचुंद्रीला होते, नुसतं हलवलं तरी. त्यामुळं उलटीवरच्या औषधांच्या अभ्यासात ती उपयोगी पडली.

हेच निशाचर, किडेखाऊ आयुष्य ऑस्ट्रेलियात अँटेकायनस जगतो. तो मात्र कांगारूच्या गोतातला, शिशुधान प्राणी. विणीचा एक हंगाम झाला की त्याचे सगळे नर मरून जातात. आज भारतात शिशुधान प्राणी नाहीत. पण सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत त्यांचे सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत, तेही बहुतेक दातच.

म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण दातांचं आणि कवट्यांचं आहे. जड वाटलं तर बेलाशक दुसऱ्यावर जा. तिथं वाटा, लेंड्या आणि आवाज आहेत. प्राणी हातात मात्र धरू नका. चिचुंद्री चावते, आणि तिच्या अंगावर पिसवा असतात.