सार्वजनिक पाणी : महाडच्या तळ्याची हकीकत



महाड हे सावित्री नदीच्या काठचे, रायगडाच्या परिसरातले बाजारपेठेचे गाव. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील या गावी भोवतालच्या खेड्यांतून माणसांचा नित्य राबता असे. कोणी मीठमिरची न्यावयास येई, तर कोणी वतनदार महार गावचा वसूल किंवा पाटील-कुलकर्ण्यांचा कागद घेऊन मामलेदार कचेरीत येई. उन्हातून चार-पाच कोस तुडवून आलेल्या माणसास आधी पाणी हवे असते. गावात चवदार तळे नावाचे मोठे तळे होते; पावसाचे पाणी आणि पोटातले झरे यांवर ते भरे. परगावच्या माणसाने तहान भागवावी असे सार्वजनिक ठिकाण ते एवढेच. परंतु सरकारचा वसूल पोचविणाऱ्या त्या महारास तेथे उतरण्याची मुभा नव्हती. त्याच्यासाठी गावाच्या मध्यापासून दूर, अस्पृश्यांच्या वस्तीत एक विहीर होती, आणि नगरपालिकेने हयगय केल्यामुळे ती गाळाने भरून गेली होती.

महाडविषयी बोलताना आपण तळ्याविषयीच बोलतो. त्या गाळाच्या विहिरीचा उल्लेख क्वचितच कानी येतो. मला मात्र या हकीकतीची किल्ली त्या विहिरीतच आहे असे वाटते. तळ्यावरील बंदी हा माणुसकीचा प्रश्न होता यात संशय नाही; पण तो आरोग्याचाही होता. चांगल्या पाण्यावरून ज्याला हाकलावे त्याच्या वाट्यास वाईट पाणी येते, आणि ते वाईट आहे ही त्याची तक्रार नगरपालिकेच्या दप्तरी पोचतच नाही.

१८६८ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो हौद त्यांचा स्वतःचा होता. देणे त्यांच्या हाती होते. सार्वजनिक पाण्याची गोष्ट निराळी. तेथे देणारा कोण आणि घेणारा कोण? हा प्रश्न मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी उपस्थित केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सप्टेंबरात सरकारने आपल्या सर्व खात्यांस तसे परिपत्रक धाडले, आणि १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कौन्सिलचा ठराव, सरकारचा हुकूम, नगरपालिकेचा ठराव, तिन्ही झाले. पाण्याला मात्र कोणाचा हात लागला नाही. १९२६ च्या ऑगस्टात बोले यांनी पुन्हा उठून, जी नगरपालिका हे मानणार नाही तिचे अनुदान बंद करावे, असा दुसरा ठराव मांडला. या गृहस्थांच्या चिकाटीचे मला फार कौतुक वाटते. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात त्यांना चार ओळीही मिळत नाहीत.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. परिषदेस हजारो माणसे लोटली, आणि त्यांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले! तळे त्याच गावात, हाकेच्या अंतरावर, आणि कायद्याने खुले. दुसऱ्या दिवशी परिषद आटोपत असता अनंतराव चित्रे यांनी सुचविले की आता सर्वांनी तळ्यावर जावे. मंडळी रांगेने बाजारपेठेतून निघाली. डॉ. आंबेडकर पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्याले, मागोमाग इतरांनी. लहानपणी शाळेत शिपाई हजर असेल तेव्हाच ज्या मुलाला पाणी मिळे, तोच हा मुलगा.

पुढचे दोन तास कोणीही विसरू नयेत असे आहेत. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी कंडी पिकली. जमाव मंडपावर चालून गेला, जेवत बसलेल्यांस आणि घराकडे निघालेल्यांस मारहाण झाली. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांचा आसरा घेतला. आंबेडकरांनी आपल्या माणसांना हात उगारू दिला नाही. नंतर तळ्यातून एकशे आठ घागरी पाणी काढून, दूध, दही, शेण व गोमूत्र घालून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. गुरेढोरे ज्या पाण्यात उतरत त्याची ही शुद्धी! आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले यांच्या पहिल्या ठरावास बरोबर चार वर्षे होत असता, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात सत्याग्रह ठरला. परिषदेस जागा दिली ती एका मुसलमान गृहस्थाने. तेवढ्यात, तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा लावून काही मंडळींनी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. त्याविषयी स्वतंत्रच बोलावे लागेल. तळ्यावर जाण्यास उतावीळ झालेल्या हजारोंना आंबेडकरांनी आवरले आणि कोर्टाचा हुकूम पाळावयास लावले.

मुकदमा महाडहून ठाण्यास व ठाण्याहून हायकोर्टात गेला. निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्या ओंजळीस दहा वर्षे होण्यास तीन दिवस कमी होते. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. १९२२ साली गांधीजींस शिक्षा सुनावणारे तेच हे. निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, पण कारण ऐकण्यासारखे आहे. सर्व माणसे सारखी, म्हणून नव्हे. वादींनी सांगितलेली रूढी अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध झाले नाही, म्हणून. समतेचे ते वाक्य लिहिण्यास १९५० ची राज्यघटना यावी लागली. तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, घाट यांचा उल्लेख आहे, आणि ते पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशातून चालत असावेत असे शब्द आहेत. बोले यांच्या ठरावातील ‘सार्वजनिक पैसा’ तेथे पुन्हा भेटतो.

हे कलम मी वर्गात मुलांकडून तोंडपाठ करून घेत असे. १९८२ साली, नोकरीच्या आरंभीच्या एका गावी, मधल्या सुट्टीत पाहिले तो रांजणाशी दोन रांगा होत्या. एका रांगेतली मुले ओगराळे घेऊन पीत. दुसरीतली ओंजळ धरून उभी राहत व वरून कोणीतरी ओती. विचारले, तर वरच्या वर्गातला मुलगा सहज म्हणाला, “पूर्वीपासून असंच आहे, गुरुजी.” मी डेडस्टॉकची वही काढली. रांजण दोन वर्षांपूर्वी पंचायतीच्या पैशातून घेतलेला होता. तरीही आठवडाभर मी काही बोललो नाही. नवखा होतो, गावात राहावयाचे होते. मग ओगराळे मी माझ्या हाती घेतले व सर्वांस मीच पाणी देऊ लागलो. ते मुलांच्या हाती परत जावयास मात्र दुसरे वर्ष उजाडले.