प्रतिस्पर्ध्याची वही आणि हरवलेला छेद

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरमधलं ‘निरीक्षण पद्धती’ हे प्रकरण वाचताना झोप येते, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं म्हणणं असतं. म्हणून आज निरीक्षणाचाच इतिहास सांगतो, पण जरा वेगळ्या मैदानावरून. अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉलच्या. तिथे साधारण दर शुक्रवारी रात्री सामना असतो. पुढच्या शुक्रवारच्या आत पंधरा ते अठरा वर्षांच्या पोरांना समोरचा संघ काय करणार हे शिकवायचं असतं. हातात सहा दिवस, डेटा तुटपुंजा, आणि निकाल सगळ्या गावासमोर. आपली व्हायवा त्यापुढे फारच सौम्य म्हणायची.

आधी खेळाचं थोडक्यात. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पुढे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. या प्रत्येक प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात, आणि प्रत्येक डाऊननंतर खेळ थांबतो. आपल्यासाठी महत्त्वाचं आहे ते हे थांबणं. क्रिकेटमध्ये जसा एकेक चेंडू सुटा मोजता येतो आणि म्हणून स्कोअरर वहीत सगळं मांडू शकतो, तसंच इथे. कितवा डाऊन, किती यार्ड हवेत, मैदानात कुठे, खेळाडू कसे उभे होते, आणि मग काय केलं: पळाले की फेकला? एका डावाची एक ओळ. एक्सेल शीट यायच्या कितीतरी आधीपासून हा खेळ एक्सेल शीटच्या आकाराचा होता, असं मला नेहमी वाटतं.

प्रतिस्पर्ध्याचा सामना आधी जाऊन पाहणं याला म्हणतात स्काउटिंग, आणि त्यावरून आपण काय खेळायचं ते ठरवणं म्हणजे गेम प्लॅन. जुनी पद्धत सोपी होती. आपला एक माणूस स्टँडमध्ये बसवायचा. तो परत येऊन सांगणार, ‘त्यांचा तो उंच पोरगा लय जोरात पळतो, आणि उजवीकडूनच येतात ते.’ यात खोटं काही नाही. पण हा माणूस लक्षात राहिलेलं सांगतोय, आणि लक्षात राहतं ते नेत्रदीपक. उजवीकडून साठ यार्ड पळालेला पोरगा आठवतो. डावीकडून नऊ वेळा दोन-दोन यार्ड सरकलेला संघ आठवत नाही. म्हणजे अंश मिळाला, छेद हरवला. संशोधनात ‘मी असं बऱ्याचदा पाहिलंय’ हे वाक्य आलं की गाइड ‘कितीपैकी किती?’ असं विचारतात ना, तेच.

आता ओहायो राज्यातल्या मॅसिलॉनला चला. पोलादाच्या कारखान्यांचं गाव, १९३० च्या सुमारास वस्ती २६ हजारांच्या आसपास. १९३२ साली, महामंदीच्या ऐन तडाख्यात, तिथल्या वॉशिंग्टन हायस्कूलने पॉल ब्राऊन नावाच्या आपल्याच माजी विद्यार्थ्याला कोच नेमलं. वय २३. शेजारचं कँटन जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर, आणि कँटनच्या मॅकिन्ली हायस्कूलशी हाडवैर. दोन्ही गावांमधली ही लढत १८९४ पासूनची. ब्राऊन आल्यावर पहिली तीन वर्षं मॅसिलॉन या सामन्यात हरलंच. १९३४ मध्ये तर ६-२१. मग १९३५ मध्ये ६-० ने जिंकलं आणि १९४० पर्यंत एकदाही कँटनकडून हरलं नाही. १९४० च्या हंगामात मॅसिलॉनने दहाच्या दहा सामने जिंकले, एकूण ४७७ गुण केले आणि फक्त ६ दिले. ते सहाही कँटननेच मिळवलेले! मॅसिलॉनमधल्या नऊ वर्षांत ब्राऊनचे ८० विजय, ८ पराभव, २ बरोबरी.

काय केलं त्याने? इथे थोडं रेंगाळू या. ब्राऊनने मैदान वर्गात आणलं. खेळाडूंना वह्या, फळ्यावर आकृत्या, आणि डाव पाठ आहेत की नाही याची चक्क लेखी परीक्षा. शिवाय गावातल्या धाकट्या शाळांमध्येही त्याने तीच पद्धत आणि तेच डाव सुरू करवले. म्हणजे नववी-दहावीत पोरगा येईपर्यंत त्याला कोचची भाषा येत असे. यातलं शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. गेम प्लॅनची खरी मर्यादा कोचच्या डोक्यात नसते, पोरांच्या डोक्यात असते. प्रतिस्पर्ध्याबद्दल तुम्ही चाळीस गोष्टी शोधून काढल्या, तरी सतरा वर्षांचा खेळाडू शुक्रवारी रात्री, बँड वाजत असताना, त्यातल्या चार वापरू शकतो. पायाभूत शब्द आधीच पक्के असतील तर त्या आठवड्याचं नवीन ते तेवढंच शिकवायला उरतं. (लॅबमध्ये नवीन ज्युनियर आला की पहिला महिना नोंदवही कशी लिहायची हे शिकवण्यात जातो. तो वाया जात नाही, तो याच कारणासाठी.)

फिल्मचं काय? कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची फिल्म आणली, ३५ मिलिमीटरपेक्षा बरीच स्वस्त, आणि हळूहळू सामना चित्रित करणं सिनेमावाल्यांखेरीज इतरांच्याही आवाक्यात आलं. तरी रीळ महागच, त्यामुळे कॅमेरा डाव सुरू झाला की चालू, संपला की बंद. गंमत बघा: पैसे वाचवण्यासाठी केलेल्या या चालू-बंदमुळे फिल्म आपोआप एकेका डावात कापली जाई. आणि कॅमेऱ्याला नेत्रदीपक आणि कंटाळवाणं यातला फरक कळत नाही. दोन यार्डांचा रटाळ डावही तो तितक्याच इमानाने टिपतो. छेद परत मिळाला तो असा.

फुटबॉलमध्ये फिल्म आधी कोणी वापरली, या प्रश्नावर मात्र वेळ घालवू नका. बरेच जण हे श्रेय ब्राऊनला देतात. १९४६ पासून क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात त्याने फिल्म बघून प्रत्येक खेळाडूला गुण देण्याची शिस्त लावली, हे पक्कं. दुसरीकडे सिड गिलमनचे चाहते आहेत. गिलमनच्या घरच्यांची मिनियापोलिसमध्ये चित्रपटगृहं होती, आणि न्यूजरीलमधले फुटबॉलचे तुकडे तो पोरवयात कापून घरी नेत असे, १९३५ मध्ये हनीमूनच्या प्रवासात त्याने प्रोजेक्टर विकत घेतला, अशा गोष्टी सांगितल्या जातात. गोड आहेत गोष्टी. पण इतिहासाचे साधन म्हणून बघाल तर लक्षात येईल की दोघंही पुढे प्रचंड प्रसिद्ध झाले. ब्राऊनचं तर १९७९ मध्ये आत्मचरित्रही आलं. जे प्रसिद्ध झाले त्यांच्या लहानपणाच्या गोष्टी जपल्या गेल्या. कुठल्याशा खेड्यातल्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता कोचिंग करणाऱ्या मास्तरांची वही रद्दीत गेली. ‘पहिला कोण’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘ज्याची वही उरली तो’ असं असतं. इथेही छेद हरवलेलाच आहे, फक्त या वेळी तो इतिहासकाराचा.

स्टँडमध्ये बसून नेमकं बघायचं कसं, हे लिहून ठेवणारा माणूस होता स्टीव्ह बेलिचिक. हाही ओहायोच्याच पोलादपट्ट्यातला, स्ट्रदर्स गावात शिकलेला. नंतर अमेरिकन नौदल अकादमीच्या संघासाठी त्याने तीन दशकांहून जास्त काळ स्काउटिंग केलं. १९६२ मध्ये त्याचं ‘फुटबॉल स्काउटिंग मेथड्स’ हे पुस्तक आलं. निरीक्षण ही अंगभूत देणगी नसून शिकवता येणारी पद्धत आहे, हे गृहीत धरून लिहिलेलं. त्याचा मुलगा बिल लहानपणी वडिलांशेजारी बसून फिल्म बघायचा. पुढे मुख्य कोच म्हणून त्याने सहा सुपर बोल जिंकले, पण तो विषय वेगळा.

स्काउटिंगमधली मूलभूत युक्ती एका वाक्यात सांगता येते: चेंडूकडे बघू नका. डाव सुरू होण्याआधी खेळाडू कसे उभे आहेत ते आधी टिपा, कारण तेवढीच गोष्ट तुमच्या पोरांनाही डाव सुरू होण्याआधी दिसणार आहे. निकाल माहीत असून उपयोग नाही. निकालाआधी दिसणारी खूण हवी. म्हणून बरेच कोच दोघांना पाठवत: एक बघून बोलणार, दुसरा मान खाली घालून लिहिणार. मग त्या कागदांवरून पत्ते बनवायचे, प्रत्येक पत्त्यावर प्रतिस्पर्ध्याचा एक डाव. सोमवार-मंगळवारच्या सरावात आपल्याच राखीव पोरांनी त्या पत्त्यांवरून ‘ते’ बनून खेळायचं. या पोरांना ‘स्काउट टीम’ म्हणतात. शुक्रवारी त्यांच्यातले बरेच जण बाकावरच असतात, पण आठवडाभर त्यांनी वठवलेला प्रतिस्पर्धी जितका खरा, तितका गेम प्लॅन खरा. मला या इतिहासातली सगळ्यात दुर्लक्षित माणसं हीच वाटतात.

आता आकडे, कारण मी शेवटी एमएस्सीचा माणूस. समजा तुमच्याकडे प्रतिस्पर्ध्याच्या तीन सामन्यांची फिल्म आहे, दर सामन्यात ५० डाव धरले तर १५० ओळी झाल्या. डाऊन, अंतर, मैदानातली जागा आणि रचना अशी विभागणी केली की अनेक खणांत पाच-पाचच ओळी उरतात. एका खणात पाचपैकी चार वेळा ते पळाले. कोच फळ्यावर लिहितो, ‘इथे ते पळतात.’ पण समजा तो संघ प्रत्यक्षात नाणं उडवूनच ठरवत होता. तरी पाचपैकी चार किंवा पाच वेळा एकच गोष्ट होण्याची शक्यता ३२ पैकी १२, म्हणजे ३७.५ टक्के! असे वीस खण असतील तर सरासरी सात-आठ खणांत तुम्हाला नसलेला ‘कल’ दिसणार. हातात पेन घेऊन एकदा स्वतः करून बघा, सेट-नेटच्या तयारीत हे उदाहरण कामाला येईल. आणि दुसरी अडचण याहून वाईट: समोरच्यालाही माहीत असतं की आपल्याला कोणीतरी मोजतंय. तो आपला कल मुद्दाम मोडतो. बेडकाच्या स्नायूला तुमचा पेपर वाचायला मिळत नाही. कँटनच्या कोचला मिळतो.

यावर एक चांगला तोडगा बिल वॉल्शच्या नावावर आहे. १९५७ ते १९५९ या काळात तो कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या हायस्कूलमध्ये कोच होता, आणि सॅन होजे स्टेटमधल्या मास्टर्ससाठी त्याने प्रबंधही फुटबॉलवरच लिहिला. नंतर सिनसिनाटीच्या व्यावसायिक संघात तो पॉल ब्राऊनच्या हाताखाली आला. तिथे त्याने सामन्याचे सुरुवातीचे डाव आधीच लिहून ठेवण्याची सवय लावून घेतली. पुढे ती प्रसिद्ध झाली आणि आज शाळाशाळांत चालते. यातला शहाणपणा असा की हे पहिले डाव गुण मिळवण्याइतकेच विचारण्यासाठीही असतात. आम्ही असे उभे राहिलो तर तुम्ही काय करता? तसे उभे राहिलो तर? जुन्या फिल्मवर विसंबण्यापेक्षा आज, याच मैदानावर छोटा प्रयोग करायचा. निरीक्षण आणि प्रयोग यातला फरक विचारला तर मी हेच उदाहरण देईन. त्याच सिनसिनाटीच्या संघातला क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर याने रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकासोबत १९७१ मध्ये ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात शोधनिबंध छापला, मैदानातल्या कुठल्या जागेची किंमत सरासरी किती गुण, यावर. खेळता खेळता शोधनिबंध! आपल्याला फक्त शिकता शिकता लिहायचाय.

शेवटचा मुद्दा डेटा कोणाचा, याचा. फिल्मचा जमाना आला तसा शाळांमध्ये एक रिवाज पडला: सामन्याआधी दोन्ही कोच आपापल्या आधीच्या सामन्यांची फिल्म एकमेकांना देणार. शनिवारी सकाळी दोन गावांच्या मधे, हायवेवरच्या एखाद्या हॉटेलपाशी भेटून आधी रिळं, मग व्हिडिओ कॅसेट, मग डीव्हीडी बदलायच्या. ज्याला हरवायचं त्यालाच आपली कच्ची नोंद द्यायची. हे औदार्य नव्हे, हिशेब आहे. मी दिली नाही तर मला मिळणार नाही, आणि दर शनिवारी दहा-बारा माणसं दहा-बारा गावांना पाठवणं कुठल्याच शाळेला परवडत नाही. कोणते सामने द्यायचे हे अनेक लीगनी नियमात बसवलं. कॉलेज फुटबॉलमध्ये तर १९९४ पासून पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष जाऊन बघायलाच बंदी आली. श्रीमंत कॉलेजांना जादा फायदा मिळू नये हा त्यामागचा विचार.

२००६ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन शहरात हडल नावाची कंपनी निघाली आणि ही देवाणघेवाण इंटरनेटवर गेली. हायवेवरच्या भेटी संपल्या. आता पोरगं फोनवर, बसमध्ये, प्रतिस्पर्ध्याचे सगळे तिसरे डाऊन सलग बघू शकतं. आणि तोच पोरगा, कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या आशेने, त्याच फिल्ममधून स्वतःचे दहा-पंधरा उत्तम डाव कापून, वर गाणं लावून तीन मिनिटांचा व्हिडिओ बनवतो. चुकलेले, दोन यार्डांचे, जमिनीवर आपटलेले डाव त्यात नसतात. कॉलेजचे कोच तो व्हिडिओ बघतात, आवडला तर दुसऱ्याच निरोपात लिहितात: पूर्ण सामन्याची फिल्म पाठव.