कर्करोगोपचारातील विषमता, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कर्करोगाचे निदान, उपचार आणि जगण्याची शक्यता यांत वंश व आर्थिक स्थिती यांनुसार आढळणारी तफावत. कृष्णवर्णीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण गौरवर्णीयांपेक्षा किंचित कमी असूनही त्यामुळे होणारा मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. ट्रिपल निगेटिव्ह हा आक्रमक प्रकार त्यांच्यात जास्त आढळतो. पण तेवढ्याने ही दरी स्पष्ट होत नाही.

न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयाचा दाखला अधिक बोलका आहे. तेथे १९६४–८६ या काळात आलेल्या ६०६ स्तनकर्करुग्णांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय व गरीब होत्या. जवळपास निम्म्यांचा विमा नव्हता. पहिल्या अवस्थेत निदान झालेल्या जेमतेम ६ टक्के, तर पाच वर्षे जगलेल्या ३९ टक्के. शल्यविशारद हॅरॉल्ड फ्रीमन यांनी मोफत व स्वस्त तपासणी सुरू केली. १९९० मध्ये त्यांनी तपासणीच्या तारखा, कागदपत्रे, पैसे अशा अडचणींतून रुग्णाला वाट काढून देणारे मार्गदर्शक नेमले. पुढे १९९५–२००० मधील रुग्णांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. त्यात सुधारलेल्या औषधांचाही वाटा असणारच.

विमा असला तरी रुग्णाच्या वाट्याचा खर्च मोठा असतो. वॉशिंग्टन राज्यातील अभ्यासात कर्करुग्णांतील दिवाळखोरी इतरांच्या अडीचपटींहून जास्त आढळली. दिवाळखोर रुग्णांत मृत्यूचा धोकाही अधिक होता. डेलावेअर राज्याने २००२ पासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी आणि पुढे विमा नसलेल्यांचे उपचार यांचा भार उचलला. २००९ पर्यंत तपासणीतील वांशिक फरक तेथे मिटला होता.