मेपलचा पाक आणि पाण्याचे ओझे

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे क्युबेक, व्हरमाँट, न्यूयॉर्क या प्रदेशांत, हिवाळा सरता सरता चार-सहा आठवड्यांचा एक विलक्षण हंगाम येतो. रात्री पाणी गोठते, दिवसा ऊन पडून बर्फ वितळते, आणि या गोठण्या-वितळण्याच्या क्रमात साखर-मेपल वृक्षाच्या खोडाला पाडलेल्या छिद्रातून पाण्यासारखा पातळ रस ठिबकू लागतो. हा रस आटवून जो पाक होतो, तो आपल्या काकवीचा दूरचा नातलग म्हणावा असा असतो. परंतु उसाच्या रसात शेकडा पंधराच्या वर साखर असते. मेपलच्या रसात ती जेमतेम दोन टक्के. शिवाय उसाचे चिपाडच गुऱ्हाळाच्या चुलाणाला सरपण म्हणून उपयोगी पडते. मेपलजवळ चिपाड नाही. तेथे रस देणारे झाड राखायचे आणि तो आटवण्यासाठी दुसरे तोडायचे, असा हा व्यवहार आहे.

व्हरमाँटच्या कृषिसंशोधन केंद्रातील सी. एच. जोन्स यांनी १९४६ साली यासाठी एक सोपे सूत्र मांडले. रसात शेकडा जितकी साखर असेल, त्या अंकाने ८६ ला भागावे. एक गॅलन पाकासाठी किती गॅलन रस लागेल, ते कळते. दोन टक्के साखर असेल तर ४३ गॅलन, म्हणजे ४२ गॅलन पाणी वाफ करून उडवावयाचे. एक ग्रॅम पाणी वीस अंशांपासून उकळबिंदूपर्यंत तापवण्यास ८० कॅलरी पुरतात. तेच पाणी वाफेत रूपांतरित करण्यास आणखी ५४० लागतात. मेपलच्या पाकाचा सारा इतिहास म्हणजे पाणी कसे घालवावे, याचा इतिहास होय.

तो इतिहास विस्तवापाशी सुरू होत असला तरी केवळ विस्तवाचा नाही. १७५५ साली जेम्स स्मिथ नावाचा तरुण वसाहतवाला ओहायोच्या परिसरातील मूलनिवासींच्या हाती सापडला आणि काही वर्षे त्यांच्यात राहिला. पुढे १७९९ साली त्याने आपली हकिकत प्रसिद्ध केली. एका हंगामात त्याच्या सोबतच्या मंडळींजवळ मोठ्या कढया नव्हत्या. त्यांनी सालीची रुंद, उथळ पात्रे केली आणि त्यांत रस भरून रात्रीच्या थंडीत उघडा ठेवला. सकाळी वर धरलेले बर्फ फोडून ते बाहेर फेकत. हे लोक साखरच फेकून देत आहेत की काय, अशी शंका स्मिथने विचारली. उत्तर मिळाले की फेकले जाते ते पाणी. साखर गोठत नाही. पुन्हा पुन्हा गोठवल्यावर खाली उरलेला रस तपकिरी आणि खूप गोड झालेला त्याने स्वतः पाहिला. बर्फाचा स्फटिक बनताना साखरेला बाहेर ढकलतो, हे शास्त्र त्या लोकांनी पुस्तकातून घेतलेले नव्हते.

ही युक्ती गोऱ्या वसाहतवाल्यांना अज्ञात होती असे नाही. फिलाडेल्फियाचे प्रसिद्ध वैद्य बेंजामिन रश यांनी १७९१ साली टॉमस जेफर्सन यांना मेपल वृक्षाविषयी जे विस्तृत पत्र लिहिले, त्यात साखर करण्याच्या तीन पद्धती दिल्या आहेत, आणि गोठवणे ही त्यांपैकी एक आहे. रश यांचा हेतू केवळ पाकशास्त्राचा नव्हता. वेस्ट इंडीजची साखर गुलामांच्या श्रमातून येत होती; स्वतंत्र शेतकऱ्याने आपल्या रानात केलेल्या मेपलच्या साखरेने तिची जागा घ्यावी आणि गुलामीच्या धंद्याचा पायाच खचावा, अशी त्यांची उमेद होती. जेफर्सन यांनी त्याच वर्षी माँटिसेलोला मेपलची रोपे लावली. शेकडो गुलामांच्या या धन्याची ती बाग मात्र धरली नाही. बहुतेक रोपे मरून गेली. आणि दोन टक्के रसाच्या अंकगणितापुढे रश यांची उमेदही टिकली नाही. उसाची साखर स्वस्त होत गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेपलचे उत्पादक साखरेऐवजी पाकाकडे वळले.

लोखंडी कढया विपुल मिळू लागल्यावर दंवाची पद्धत मागे पडली. उघड्यावर तीन कढया टांगून एकीतला रस दुसरीत ओतायचा, रात्र रात्र जागायचे आणि भोवतालचे रान जाळायचे, असा क्रम चालू झाला. कढईचा तळ लहान आणि ज्वाळा बाजूंनी निसटणारी. उष्णतेचा मोठा भाग आकाशालाच मिळे. मग पसरट तवे आले. १८५८ साली ओहायोच्या डी. एम. कुक यांनी आडभिंतींच्या नागमोडी वाटेने रस वाहता ठेवणारा तवा काढला; एका टोकाने कच्चा रस आत शिरतो आणि दुसऱ्या टोकाने दाट होऊन बाहेर पडतो. पुढे तव्याच्या तळाला खोल पन्हळी पाडून ज्वाळेला अधिक पृष्ठभाग देण्यात आला. याच शतकात लुइझियानाचे नॉर्बर्ट रिलियू यांनी उसाच्या कारखान्यांसाठी, एका पात्राच्या वाफेवर दुसरे पात्र निर्वातात उकळण्याची योजना सिद्ध केली होती. मेपलने ती का स्वीकारली नाही, याचे एक कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. मेपलचा स्वाद रसात तयार नसतो. तो तापण्यातून उत्पन्न होतो. मंद आचेवर पाणी काढले तर गोडी उरते, मेपल उरत नाही.

लाकडाच्या जागी तेल आले तेव्हा एका गॅलन पाकास सुमारे चार गॅलन तेल जळे. १९७३ साली तेलाचे भाव कडाडल्यावर हा हिशेब शेतकऱ्याच्या मुळावर आला. परंतु उपाय आधीच तयार होत होता. १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी समुद्राचे पाणी गोडे करणारा सूक्ष्म पडदा सिद्ध केला. आज घरोघरी ‘आरओ’ म्हणून ओळखले जाते ते यंत्र याच पडद्याचा वंशज. समुद्रासाठी पडद्यापलीकडचे पाणी महत्त्वाचे. मेपलसाठी अलीकडे उरलेला रस. १९६७ साली अमेरिकन कृषिखात्याच्या सी. ओ. विलिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, रसातील तीन-चतुर्थांश पाणी विस्तवाविना काढता येते, असे दाखवून दिले. दोन टक्क्यांचा रस आठ टक्क्यांचा झाला की एका गॅलन पाकासाठी ४२ ऐवजी पावणेदहा गॅलन पाणीच उकळून उडवावे लागते. सालीच्या पात्रात दंव जे काम करीत असे, ते आता पडदा करू लागला.

प्रश्न राहिला तो स्वादाचा. इतका थोडा वेळ आगीवर राहिलेला पाक फिका पडेल, ही जुन्या मंडळींची शंका पोरकट नव्हती. व्हरमाँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर संशोधन केंद्राने एकाच रसाचे भाग निरनिराळ्या प्रमाणांत दाट करून एकसारख्या तव्यांवर आटवून पाहिले. चाखणाऱ्यांना चवीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. शेवटची उकळी मात्र कोणी गाळलेली नाही. पाण्याच्या उकळबिंदूच्या चार अंश वर पाक पोहोचला की तो उतरवायचा, हे काम अद्याप तव्यावरच होते. दाट केलेला रस लवकर नासतो, म्हणून तो त्याच दिवशी आटवावा लागतो. काम लवकर उरकते, पण उद्यावर टाकता येत नाही. पडद्यातून निघालेले शुद्ध पाणीही वाया जात नाही. दिवसाचे काम संपल्यावर त्याच पाण्याने पडदे धुतात.