मला कुणी विचारलं?

मंडळी, ज्यांनी मला लग्नाच्या, बारशाच्या पंगतीत जेवताना पाहिले आहे त्यांनी आधी पाण्याचा ग्लास जवळ घ्यावा. ठसका लागेल. गेल्या जानेवारीत पूर्ण एक महिना मी व्हीगन होतो.

व्हीगन म्हणजे नुसता शाकाहारी नव्हे. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मधसुद्धा नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये जन्माला आला. डोनाल्ड वॉटसन नावाच्या एका सुतारकामाच्या शिक्षकाने काही समविचारी माणसे जमवून एक संस्था काढली, तिच्यासाठी हा शब्द तयार झाला. शिक्षक म्हटल्यावर मला उगीचच जवळीक वाटली. पुढे २०१४ पासून इंग्लंडमध्येच 'जानेवारीपुरते व्हीगन होऊन पाहा' अशी चळवळ सुरू झाली. ती फिरत फिरत पुण्यात माझ्या नातीपर्यंत पोचली आणि नातीकडून माझ्यापर्यंत. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला आठ दिवससुद्धा जमणार नाही." एवढे पुरेसे होते. जन्मभर मासे खाल्लेल्या माणसाला असे डिवचू नये.

महिनाभर मासे-मटण सोडणे आपल्याकडे नवीन नाही. आषाढी अमावास्येला पोटभर खाऊन घ्यायचे आणि श्रावण पाळायचा, हे किती घरांत चालते. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर असतात. म्हणजे मांसाहारी माणसाने ठरावीक मुदतीसाठी हात आवरायचा, याची वाट आपल्या पंचांगाने आधीच पाडून ठेवली आहे. पण दुधाला अशी वाट नाही. उलट उपासाच्या दिवशी दूध जास्तच. त्यामुळे माझे हाल झाले ते मासळीवाचून नव्हे, चहावाचून. पहिल्या दिवशी नारळाच्या दुधाचा चहा करून पाहिला. त्याबद्दल न लिहिलेलेच बरे.

बाकी जेवणाची मात्र चंगळ होती. काळ्या वाटाण्याची आमटी, कुळथाची पिठी, सोलकढी, वालाची उसळ, घावने, तांदळाची भाकरी. कोकणातल्या स्वयंपाकात दुधाचे काम नारळ करतो, हे आयुष्यभर खाऊनही माझ्या ध्यानात आले नव्हते. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी बी-१२ च्या गोळ्या लिहून दिल्या, कारण हे जीवनसत्त्व वनस्पतींच्या अन्नातून पुरेसे मिळत नाही. नातीला रोज रात्री फोनवर आकडा सांगत होतो. आज तिसरा, आज चौथा.

पाचव्या दिवशी सौ. भांडी आवरता आवरता म्हणाली, "पैज तुझी आणि नातीची. दोन दोन स्वयंपाक मी करतेय. मला कुणी विचारलं?"

मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हते. त्या दुपारी झोप येईना. आणि का कोण जाणे, वर्गात शिकवलेले टॉल्स्टॉय फार्म आठवले. कपाटातून गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास काढला. हे पुस्तक त्यांनी १९२३ मध्ये आपल्या येरवड्याच्या तुरुंगात असताना सांगायला सुरुवात केली होती. शिकवताना या फार्मवर मी तीन-चार वाक्यांपेक्षा जास्त वेळ कधी दिला नव्हता. परीक्षेत येत नसे.

हकीकत अशी. १९१० साली ट्रान्सवालमधला सत्याग्रह लांबत चालला होता. नोंदणीच्या कायद्याविरुद्ध माणसे पुन्हा पुन्हा तुरुंगात जात होती. त्यांच्या बायकामुलांना दरमहा पैसे द्यावे लागत. कुणाला किती द्यायचे याचा वाद होई आणि पैसाही पुरेना. तेव्हा हर्मन कॅलनबाख या जर्मन ज्यू वास्तुविशारद मित्राने जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर, लॉली स्टेशनाजवळ, सुमारे ११०० एकर जमीन घेतली आणि सत्याग्रहींना बिनभाड्याने वापरायला दिली. हजारभर फळझाडे, दोन विहिरी, एक झरा आणि एक लहानसे घर. त्याचे नाव टॉल्स्टॉय फार्म. तिथे गुजराती होते, तमिळ होते, आंध्रचे होते, उत्तरेकडचे होते. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती सगळे. चाळीसेक तरुण, दोन-तीन म्हातारे, पाच बायका आणि वीस-तीस मुले.

आता प्रश्न आला स्वयंपाकघराचा. गांधीजी आणि कॅलनबाख यांना फार्मवर मांस नको होते. पण येणाऱ्यांत लहानपणापासून मांस खाणारे होते आणि ते आपल्या अडचणीच्या काळात आसऱ्याला येत होते. त्यांना काही काळापुरते तरी मांस सोडा असे म्हणायचे कोणत्या तोंडाने? आणि द्यायचे तर खर्च वाढतो, निरनिराळ्या चुली मांडाव्या लागतात, आणि गोमांस खाणाऱ्याला ते द्यायचे की नाही हाही प्रश्न. गांधीजींनी मनाशी ठरवले की ख्रिस्ती किंवा मुसलमान माणसाने गोमांस मागितले तर तेसुद्धा पुरवायचे. त्यासाठी कुणाला फार्मचा दरवाजा बंद करायचा नाही. एका वैष्णव घरातल्या माणसाने १९१० साली हे ठरवले, यावर मी पुस्तक उघडे ठेवून बराच वेळ बसलो.

एवढे ठरवल्यावर मग ते विचारायला गेले. मुसलमान मित्रांनी आधीच शाकाहारी स्वयंपाकाला होकार दिला होता. राहिल्या त्या ख्रिस्ती बायका. त्यांचे नवरे किंवा मुलगे तुरुंगात होते. गांधीजींनी त्यांच्यापुढे जागेची अडचण, पैशाची अडचण आणि स्वतःची भावना मांडली. आणि मागितलेत तर गोमांसही देईन, हेही सांगितले. बायकांनी मांस न खाण्याचे कबूल केले आणि स्वयंपाकघर त्यांच्याच हाती दिले गेले.

इतिहासाच्या मास्तरला इथे थांबावे लागते. ही हकीकत आपल्याला विचारणाऱ्याकडून कळते. ज्यांना विचारले त्या बायकांनी लिहिलेले काही आपल्या हाती नाही. घरचा माणूस तुरुंगात, डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याचे, अशा बाईला 'नाही' म्हणणे कितपत शक्य असते? आणि होकार दिल्यावर चूलही त्यांच्याच गळ्यात पडली, ही गोष्ट आमच्या घरी सौ. ने लगेच हेरली. हे सगळे खरे. तरीही 'नाही' म्हणाल्या असत्या तर काय करायचे, हे विचारणाऱ्याने विचारण्याआधी ठरवून ठेवले होते. नुसता देखावा म्हणून विचारणे आणि असे विचारणे यांत फरक आहे.

फार्मवरचे जेवण साधे. सकाळी सहाला पाव आणि गव्हाची कॉफी, अकराला भात, डाळ, भाजी, संध्याकाळी गव्हाची लापशी आणि दूध, नाहीतर पुन्हा पाव-कॉफी. गव्हाची कॉफी म्हणजे गहू काळपट होईपर्यंत भाजून दळायचे आणि उकळायचे. चहाची तहान भागेल म्हणून मीही करून पाहिली. शेजारच्या वहिनी काय जळतेय ते विचारायला आल्या.

संध्याकाळच्या लापशीबरोबरचे दूध गांधीजींनी आणि कॅलनबाखांनी १९१२ मध्ये सोडले. गवळी गाईम्हशींचे कसे हाल करतात ते वाचून गांधीजींचे मन उतरले होते. दोघे कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल यांवर राहू लागले. 'व्हीगन' शब्द जन्माला यायला अजून बत्तीस वर्षे होती. पण हे व्रत त्यांनी दोघांनी स्वतःपुरते घेतले.

त्या व्रताचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना गांधीजींना आमांश झाला. दुखणे इतके वाढले की ते मरणाची वाट पाहू लागले. माथेरानला हवापालटाला आणले, तिथेही जमले नाही. मुंबईत डॉ. दलालांनी स्पष्ट सांगितले की दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. व्रत आड आले. शेजारी कस्तुरबा उभ्या होत्या. त्यांनी सुचवले की व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी ते घेतले. पुढे त्यांनीच प्रामाणिकपणे लिहिले की शब्द पाळला, व्रताचा आत्मा मोडला, आणि ही बोचणी त्यांना कायम राहिली. ज्याने मुदत घातली नाही त्याचे असे होते. मुदत घालणाऱ्या माझ्यासारख्याला कॅलेंडर पाहता येते.

हे वाचून झाले आणि मला आई दिसली.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात नवरा गेलेल्या बाईने मासळी रांधायची, पण तोंडाला लावायची नाही, अशी आमच्यात रीत होती. वडील १९६१ साली गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्याआधी आईला बांगड्याचे तिखले किती आवडायचे हे मला आठवते, कारण ती तिरफळे बाजूला काढून माझ्या ताटात घालायची नाही, स्वतः चोखायची. वडील गेल्यावर तिच्या ताटात पिठी-भात किंवा वरण-भात. आमच्यासाठी मात्र ती पूर्वीसारखेच तिखले करीत राहिली. चव घेता येत नसे म्हणून हातावर थोडा रस घालून मला हाक मारायची, "मीठ बराबर हा काय रे?" मी चाटून सांगायचो, बराबर हा. मला तो मान वाटायचा.

१९९४ साली ती गेली. तेहेतीस वर्षे ती असे विचारत राहिली. मीठ बरोबर आहे का, एवढे तिने मला शेकडो वेळा विचारले असेल. तुला खावेसे वाटते का, हे मी तिला एकदाही विचारले नाही. मी पदवीधर होतो, वर्गात आगरकर, कर्वे शिकवत होतो. कदाचित ती नाहीच म्हणाली असती. तिची स्वतःची श्रद्धा असेलही. पण मला ते माहीत नाही, कारण मी विचारले नाही. ते आता कुणाला विचारू?

माझा महिना पाळून लोक म्हणाले, "काय निग्रह!" भाच्याने तर फोन करून अभिनंदन केले. मला लाज वाटली. माझा निग्रह मी निवडलेला, मोजून एकतीस दिवसांचा आणि दुसऱ्याच्या हातचा होता.

असो. सहाव्या दिवसापासून भाकऱ्या मी थापल्या. चांगल्या झाल्या नाहीत, पण खाल्ल्या गेल्या. सौ. ला म्हटले, तू तुझी मासळी आण, माझ्यामुळे सोडू नकोस. तिने दर बुधवारी आणली आणि माझ्यासमोर बसून खाल्ली. एक फेब्रुवारीला सकाळी दुधाचा चहा घेतला आणि दुपारी बांगड्याचे तिखले झाले. उकळी आल्यावर सौ. ने हातावर थोडा रस घेतला, चाखला आणि चिमूटभर मीठ टाकले. मी तिथेच ओट्यापाशी उभा होतो. जेवलो नेहमीसारखाच, म्हणजे जरा जास्तच.

परवा सौ. ला विचारले, "पुढच्या जानेवारीत पुन्हा करू का? तुझं काय मत?" ती म्हणाली, विचार करून सांगते. अजून सांगितलेले नाही. नातीला सांगून ठेवले आहे की आजीचे उत्तर येईपर्यंत पैज लावायची नाही.